नट जाम झाला तर

तिसगाव,
मंगळवार, १८ फेब्रुवारी १९९७

प्रिय माधुरी,

जय भीम. तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. पोस्टमननं ते घरी न नेता इथं टपरीवरच दिलं, ते बरं झालं. मी एका स्कूटरचं मागचं चाक काढून बसले होते. हात कसेबसे चिंधीला पुसले आणि वाचायला घेतलं, त्यामुळं तुझ्या पत्राच्या कोपऱ्यावर माझा काळा अंगठा उमटलाय. उत्तराला चार दिवस लागले, कारण मधे घरात थोडं बोलणं झालं. ते शेवटी सांगते. आधी तुझ्या नटाचं बोलू.

तू लिहिलंस की मोटार मेकॅनिकच्या वर्गात सायलेन्सरचा नट सुटेना, पाना घसरला, बोटांची सालं निघाली आणि एकोणीस पोरांसमोर तुला रडू आलं. रडू आल्याचं वाईट वाटून घेऊ नको. सायलेन्सरचा नट भल्याभल्यांना रडवतो. तो रोज तापतो, रोज गार होतो आणि गंजून बोल्टाशी एकजीव होऊन बसतो. अशा नटाला जोर लावायचा नसतो, आधी वेळ द्यायचा असतो. उघडे आटे तारेच्या ब्रशनं घासून घे. त्यावर रॉकेलचे चार थेंब सोड आणि दुसरं काम करायला जा. अर्ध्या तासानं पुन्हा सोड. मग नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके दे. बोल्टाच्या तोंडावर मारलंस तर आटे बसतील. नंतर रिंग पाना लाव. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो आणि घसरतो, रिंग पाना चहूकडून धरतो. आणि एक गोष्ट तुमचे सर सांगणार नाहीत, ती मी सांगते. सोडवायच्या आधी नट केसभर आवळायचा. आवळताना गंजाची पकड सुटते, मग तो उलटा फिरतो. पाना आपल्याकडे ओढायचा, पुढं ढकलायचा नाही. ढकलताना सुटला तर बोटं लोखंडावर जाऊन आपटतात, ओढताना सुटला तर फार तर आपण मागं पडतो. एवढं करूनही हलला नाही, तर छिन्नीनं फोडायचा आणि नवा घालायचा. नट फोडला म्हणून मिस्त्रीची इज्जत जात नाही. बोल्ट वाचला पाहिजे.

पण पोरी, तुझ्या पत्रातलं दुखणं नटाचं नाही हे मला कळत नाही असं समजू नको. सर तुला इंजिन उघडू देत नाहीत. ‘तुझं अक्षर चांगलं आहे’ म्हणून हजेरी आणि जॉबच्या वह्या लिहायला बसवतात. पोरांनी तुझ्या हत्यारांच्या पेटीला दुसरंच कुलूप घातलं आणि दोन दिवस किल्ली दिली नाही. आणि शेवटी, अगदी बारीक अक्षरात, तू लिहिलंस, ‘आत्या, मी चुकीच्या जागी आले असं वाटतं.’ ते वाचलं आणि मी स्कूटरचं चाक तसंच ठेवून दिलं. त्या दिवशी माझ्याच्यानं पुढं काम झालं नाही.

आता मी तुला माझं सांगते. तुला घरातून एवढंच ठाऊक आहे की आत्याचं कोपरगावला जमलं नाही, नवऱ्यानं टाकली. हे खरं नाही. तीन वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरी करून आणली. सासू म्हणाली, ‘तू बी ऱ्हा. दोघी मिळून करून खावा.’ मी दोन लुगडी बांधली आणि एस.टी.त बसले. मला कुणी टाकलं नाही, मी निघाले. त्यात फरक आहे, आणि गेली पंचवीस वर्षं मी तो लोकांना सांगतेय. लोक मान हलवतात आणि पुन्हा ‘टाकलेली’च म्हणतात.

आले ते साल बहात्तरचं. इथं प्यायला पाणी नव्हतं. पाथर्डीच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं, तिथं मी खडी फोडायला जायला लागले. एक दिवस रोड रोलर बंद पडला. त्याचा मिस्त्री गोरक्षनाथ म्हणून म्हातारा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोलरखाली पडून तो चौदाचा पाना मागत होता, आणि त्याच्या हाताखालचा माणूस एकदा सोळाचा देई, एकदा बाराचा. त्या गड्याला आकडे येत नव्हते आणि म्हाताऱ्याला दिसत नव्हते. मी खडीची पाटी घेऊन शेजारून चालले होते. इंग्रजी आकडे मला कोपरगावात साखरेच्या पोत्यांवर बघून बघून यायला लागले होते. मी पाटी डोक्यावर तशीच ठेवून वाकले, चौदाचा पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला. म्हातारा रोलरखालूनच म्हणाला, ‘कोन हाय?’ मी म्हटलं, ‘खडी फोडनारी.’ ‘वाचता येतं?’ म्हटलं, ‘चौथी झालीया.’ तो म्हणाला, ‘मग ती पाटी ठिव खाली.’

ती पाटी मी पुन्हा उचलली नाही. दीड वर्ष मी त्याचे डोळे होते. त्यानं मला इंजिनाला कान द्यायला शिकवलं. पार्ट काढताना खाली गोणपाट पसरायचं आणि जे आधी काढलं ते डावीकडं, त्याच्यानंतरचं त्याच्या उजवीकडं, असं ओळीनं मांडत जायचं. बसवताना उजवीकडून सुरुवात करायची, म्हणजे एकही वायसर उरत नाही, हे त्याचंच. कामावरच्या बाया मला हसायच्या, मुकादम तर हजेरीवर माझं नावच घालेना. गोरक्षनाथ त्याला म्हणाला, ‘हिचं नाव न्हाई तर माझं बी घालू नका.’ रोलर बंद पडलेला कुणालाच परवडणारा नव्हता. माझं नाव लागलं.

काम संपलं आणि मी इथं रस्त्याच्या कडेला चार पत्रे उभे केले. स्टोव्ह, सायकली, फवारणीचे पंप, जे येईल ते. गावातल्यांना राग, की बाई, त्यातून आपल्या वस्तीतली, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर पाना घेऊन बसते. आपल्या वस्तीतल्या चार जाणत्यांनाही राग. ते म्हणायचे, शिका म्हणजे काय रस्त्यावर बसा का. मी टपरी वेळेवर उघडत राहिले. तिसऱ्या महिन्यात एक दिवस सकाळी येऊन बघते तर कुलूप तोडलेलं आणि पेटी रिकामी. सतरा हत्यारं होती. मेंढरं चारणाऱ्या एकानं सांगितलं, ओढ्याकडच्या पडक्या विहिरीत काहीतरी टाकल्याचा आवाज आला. तुझे वडील तेव्हा विशीतले होते. रंगनाथ म्हणाला, ‘आक्का, जाऊ दे आता. नको नादी लागू.’ मी म्हटलं, ‘दोर आन.’ त्यानं आणला, आणि काठावर उभं राहून तो त्यानंच धरला. मी पदर खोचून खाली उतरले. गुडघाभर पाणी आणि त्याखाली तेवढाच गाळ. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पायांनी चाचपत होते. एकेक हत्यार सापडलं की पाटीत टाकायचं आणि वर ओढायला सांगायचं. सोळा निघाली. वर आले तर पक्कड नाही. पुन्हा उतरले.

मग टपरीसमोर उन्हात सगळी सतराच्या सतरा मांडली. आधी गोड्या पाण्यानं धुतली, पुसली, राखेनं घासली, रॉकेलचा हात फिरवला आणि वर तेलाचं बोट. हत्यार पाण्यातून निघालं की त्याच दिवशी एवढं करायचं, उद्यावर टाकलं तर गंज आत शिरतो. बघायला माणसं जमली होती. ज्यानं टाकली तोही त्यांच्यात असणार. मी कुणाकडं बघितलं नाही. दुपार व्हायच्या आत टपरी उघडली. पहिली आली रंगुबाई, वाण्याच्या घरी भांडी घासायची ती. डोक्यावर स्टोव्ह. म्हणाली, ‘बघ बाई, पेटंना.’ मी पंप मारला, काडी लावली, स्टोव्ह निळा पेटला. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, ‘तरी बी बघ जरा.’ मी नोझलला पिन मारली, पंपाचं चामडं काढून तेलात बुडवून परत बसवलं आणि स्टोव्ह तिच्या डोक्यावर दिला. ती सगळ्या माणसांच्या मधून, अगदी सावकाश, चालत गेली.

आणखी एक सांगते. पुढं आठ-दहा वर्षांनी मोटारसायकली यायला लागल्या. एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा गाडी घेऊन आला. करंजीच्या घाटाकडं निघालेला, गाडी झटके देत होती. मी प्लग काढायला बसले आणि त्याच्याजवळ पडलेला प्लग पाना मागितला. त्यानं तो उचलून माझ्या हातावर वरून सोडला, बोट लागू नये म्हणून. पाना दगडावर पडला. मी तो उचलला, त्याच्यापुढं धरला आणि म्हटलं, ‘हत्यार वरून टाकायचं नसतं. तोंड बिघडतं त्याचं. हातात द्या. न्हाईतर गाडी ढकलत न्या.’ तो लाल झाला. गाडी ढकलत शाळेपर्यंत गेला. शाळेपासून परत आला, उन्हानं निथळत, आणि पाना माझ्या तळहातावर ठेवला. मी प्लग घासला, पॉइंट साफ केले, गाडी चालू करून दिली. आज त्याच्या मुलीची मोपेड माझ्याकडंच येते. तो चांगला झाला की वाईट राहिला ते मला माहीत नाही. माझ्या टपरीवर मात्र हत्यार हातात द्यावं लागतं, हे त्याला कळलं.

तर आता सोमवारी काय करायचं ते ऐक. स्वतःचं कुलूप घे, पितळी घे, आणि दोन किल्ल्यांतली एक गळ्यात घाल. पेटीवर रंगानं नाव घाल, मोठ्या अक्षरात, पूर्ण. दहा-बाराचा, बारा-तेराचा आणि चौदा-पंधराचा असे तीन रिंग पाने स्वतःचे ठेव. वर्कशॉपचे मागत बसू नको. कसला तरी दांडा घालून पान्याची लांबी वाढवायची खोड पोरांना असते, ती लावून घेऊ नको, बोल्ट तुटतो. प्लगची फट मोजायला फिलर गेज देत नसतील तर करवतीच्या तुटक्या पात्याचा तुकडा जवळ बाळग, दुचाकीला तो बरोबर बसतो. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालू नको, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. तोंडानं फुंकर मार, नाहीतर पंपानं हवा दे. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडव. काम झाल्यावर हाताला गोडं तेल आणि साखर चोळ, मग साबण लाव, ग्रीस निघून जाईल. नखात थोडं राहील. ते राहू दे.

आणि हजेरी लिहायला सांगितली तर सरांना म्हण, ‘सर, नंबर लावा, सगळेच आठवड्या-आठवड्याची पाळी घेऊ.’ ऐकलं नाही तर प्राचार्यांना अर्ज लिही: मी मोटार मेकॅनिकला प्रवेश घेतला आहे, कारकुनीला नाही, मला प्रात्यक्षिक मिळावं. तारीख घाल, एक प्रत स्वतःकडं ठेव आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नको. तुझं अक्षर चांगलं आहे ना, ते इथं वापर. चुकीच्या जागी तू आलेली नाहीस. तिथं वीस जागा होत्या आणि त्यातली एक तू मार्कांवर मिळवलीस. चुकीचं असलंच तर ते कुलूप.

आता घरातलं सांगते. रविवारी रंगनाथ बाजार समितीतून लवकर आला आणि माझ्यासमोर बसला. कोपरगावहून तुला स्थळ आलं आहे. मुलगा साखर कारखान्यात क्लार्क आहे, माणसं बरी आहेत म्हणे. लग्न त्यांना मेमध्येच पाहिजे, म्हणजे तुझ्या जुलैच्या परीक्षेआधी. आणि मुलीनं पुढं मशिनीला हात लावायचा नाही, ही त्यांची अट. तुझं पत्र आलं आणि त्यात तू खचली आहेस, हे मीच त्याला बोलून बसले होते. तो म्हणाला, ‘आक्का, मी लिहिलं तर ती हट्टाला पेटंल. तू लिही. तुझं ऐकती ती. तिला म्हनावं, झालं तेवढं बास, घरी ये.’ मग म्हणाला, ‘माझ्या पोरीची तुझ्यासारखी गत झालेली मला बघवायची न्हाई.’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं ते मला दुखवायला म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. दोन दिवस मी त्या एका शब्दावर विचार करतेय. माझी गत. मी पंचवीस वर्षं स्वतःच्या हातचं खाल्लं. या रस्त्यावर बंद पडलेली गाडी माझ्या टपरीवरून चालू होऊन गेली नाही असं क्वचित झालं. मला कधी कुणासमोर खाली बघून उभं राहावं लागलं नाही, ना नवऱ्यासमोर, ना बागायतदारासमोर. मूल नाही म्हणून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तू रांगायला लागलीस तेव्हा ते पुष्कळ कमी झालं. याला माझा भाऊ गत म्हणतो. मी याला माझा संसार म्हणते. तर तुला परत बोलवायला म्हणून त्यानं मला हे पत्र लिहायला बसवलं, आणि मी हे लिहिलं आहे. येऊ नको. परीक्षा दे. लग्न तुला करायचं असेल तर कर, कोपरगावात कर नाहीतर कुठंही कर, पण सर्टिफिकेट हातात घेऊन, आणि आपली बायको इंजिन उघडते हे त्या माणसाला आधी सांगून. चोरून काही करायचं नाही, म्हणून उद्या सकाळी हे सगळं मी तुझ्या बापाला वाचून दाखवणार आहे आणि मगच पेटीत टाकणार आहे.

बुधवार सकाळ. वाचून दाखवलं. तो दाराशी उभ्यानंच ऐकत होता. तुझी आई चुलीपाशी होती. ‘गत’ आली तेव्हा त्यानं मान खाली घातली, मला वाटलं आता काही बोलेल, पण त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, ‘हे टाकायचं न्हाई, आक्का. टाकलंस तर तुझं माझं बोलनं संपलं.’ मी म्हटलं, ‘संपू दे. पोरगी शिकू दे.’ त्यानं चपला घातल्या आणि भाकरी न घेता बाजार समितीत निघून गेला. तो बोलायचा थांबेल, आणि मी ते सहन करीन, यात तुझा काही दोष नाही. मी पाकीट शोधत होते, तर मालन चुलीपासून उठली. तुला माहीत आहे, वीस वर्षांत तिनं त्याच्या शब्दाबाहेर मिठाचा खडासुद्धा टाकला नाही. तिनं वाटीत पीठ आणि पाणी घेतलं, चुलीवर धरून त्याची खळ केली, पाकीट चिकटवायला. आता ती वाटी पदरात धरून माझ्याजवळ उभी आहे. मी म्हटलं, ‘मालन, तो तुला बोलंल.’ ती म्हणाली, ‘वन्सं, बोलू द्या. खाली माझं बी नाव घाला.’

तुझीच,
राही आत्या

आणि तुझी आई, मालन